इतर

उथळसरच्या दुकानात दादांनी चाळीस वर्षं
एका झाडाच्या अंगावरून हात फिरवला
आणि झाड पाहिलं नाही.

काश्मिरी नि इंग्लिश, दोनच गोत्रं त्यांना ठाऊक.
लाकडावरच्या रेषा बोटाने मोजायचे, नऊ, दहा, अकरा,
"चांगली वाढलीय ही," म्हणायचे
शेजाऱ्याच्या मुलीबद्दल बोलावं तसे.
मग जवसाचं तेल, जुन्या बनियनचा बोळा,
आणि लाकडी हातोड्याची ठकठक
जिच्या तालावर माझे सतराचे पाढे पाठ झाले.

पोरं रडत यायची फुटकी बॅट घेऊन.
दादा ती कानाशी धरत, टिचकी मारत,
आणि सांगत: आहे अजून, टाकू नकोस.

एका गिऱ्हाइकाने कॅलेंडर दिलेलं.
परदेशी तळं, पाण्यावर केस सोडून बसलेलं झाड.
"हे रडकं म्हणे बॅटीचं झाड.
रडक्याच्या लाकडाने षटकार कसे बसतात?"
वर्ष संपलं, दुकान संपलं,
पान घरच्या भिंतीवर आलं.

मी झाडं मोजते. पालिकेचं काम, कंत्राटी.
घेर, उंची, फोटो, प्रकृती: बरी, वाईट, धोकादायक.
येऊरच्या पायथ्याशी, ओढ्याचा अजून नाला झाला नाही तिथे,
पाण्यात पाय सोडून एक उभं होतं.
पानं निमुळती. वारा आला की पालथी होत,
आणि अख्खं झाड क्षणभर चांदीचं.
आजूबाजूच्या दगडांवर लाल रंगाच्या खुणा होत्या,
त्या मोजणं माझ्याकडे नाही.
यादीत नाव सापडेना. मी 'इतर'वर बोट टेकवलं.

"इतर काय गो? वाळुंज हाय ते."
लाडकी वरठा ओढ्यातून वर येत होती, टोपलीत चार खेकडे.
टोपली पुढे केली: ही त्याचीच, कवळ्या फांद्यांची.
नखाने सालीचा तुकडा काढून दिला: तापात चाव.
कडू होती. थुंकले तर हसली.

वाळुंज.
आठवीत माझ्या बाकावर वाळुंज आडनावाची मुलगी होती.
तिला आम्ही सगळं विचारलं,
तू कुठलं झाड, एवढं सोडून.

रात्री पुस्तकात पाहिलं. तेच कूळ.
काश्मिरीची, इंग्लिशची चुलत बहीण,
उन्हाला न घाबरता इकडेच राहिलेली.
बॅटीचा उल्लेख नाही.
नर वेगळा, मादी वेगळी,
तुरे आल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

रविवारी दादांना स्कूटरवर मागे बसवलं.
शेवटचा उतार ते माझा खांदा धरून उतरले,
चपला काढल्या, पाण्यात गेले.
खोडावर हात ठेवला, तोच हात, आता जरा कापणारा.
कान लावला. बोटाच्या पेराने ठोकलं,
परत ठोकलं, थोडं खाली.
मी वाट पाहत होते ते काय सांगतात त्याची.

"ओलं आहे," दादा म्हणाले.
"ओल्यातलं मला काही कळत नाही."

किती वेळ तसेच उभे. डोक्यावर चांदी, हिरवं, चांदी.

लाडकीने सांगितलेलं, फांदी खोचा, उलटी खोचली तरी लागते.
वीतभर आणली, रंगाच्या बादलीत लावली गॅलरीत.
दादा रोज सकाळी ती उपटून बघत मूळ फुटलं का,
आणि परत खोचत.
म्हणून तीन आठवडे लागले.
चौथ्यात त्यांना ती उपटेना.

मला हाक मारली नाही. चहा झाल्यावर म्हणाले,
"ते ओढ्यातलं, नर की मादी?"
थंडीत कळेल, मी म्हटलं. तुरे आल्यावर.
"मग थंडीत जाऊ," दादा म्हणाले
आणि हाताचं तेल पुसावं तसा
ओल्या मातीचा हात बनियनला पुसला.