क्रमांक तेवीस

पूर्वेस बंद पडलेली बोलिंग अ‍ॅली,
पश्चिमेस टोलेफसन यांचे घर व टोमॅटोचे वाफे,
दक्षिणेस उतरता रस्ता, थेट सरोवरापर्यंत,
उत्तरेस खडक.
येणेप्रमाणे चतुःसीमा. नकाशात पिवळी.
आज ती तपकिरी करायची की नाही,
विषय एवढाच.

मी डुलुथ नगरपालिकेची इतिवृत्त-लेखनिक.
एकोणीस वर्षं लोकांची वाक्यं सरळ करते आहे.
"आमच्या उरावर सहा मजले बसवताय" असं कोणी ओरडलं
की मी लिहिते: उंचीबाबत हरकत.
रडणं लिहीत नाही.
टाळ्यांना मनाई आहे, तेव्हा त्याही झाल्या नाहीत.

मार्च. बाहेर बर्फ काळा पडलेला,
आत ओल्या लोकरीचा वास.
प्रत्येकाला तीन मिनिटं. दिवा हिरवा, पिवळा, लाल.
आर्विड टोलेफसन, वय एक्याऐंशी,
सिरिअलच्या खोक्यातून इमारत कापून घेऊन आले होते,
पेनाने काढलेल्या खिडक्यांसकट.
ती टेबलावर ठेवली, बाजूने टॉर्च धरला.
"हा बावीस सप्टेंबर. दुपारचे तीन. बघा."
सावली सरकत सरकत अध्यक्षांच्या कॉफीवर चढली.
कोणी हसलं नाही.
मी लिहिलं: सावलीबाबत हरकत. सोबत प्रतिकृती.

मग रहदारीचा अहवाल, सत्तेचाळीस पानं.
मग बिल्डरचा वकील, लोण्यासारखा आवाज,
'परवडणारी' हा शब्द अकरा वेळा.
अठ्ठेचाळीस घरांपैकी परवडणारी किती, असं विचारल्यावर
तो आधी पाणी प्यायला.
पाच.

मग ग्रेटा लिंडकविस्ट, निवृत्त शिक्षिका.
त्यांच्या मुलीला इथलं भाडं झेपेना,
ती पूल ओलांडून विस्कॉन्सिनात राहायला गेली.
"तरी मी विरुद्ध आहे," त्या म्हणाल्या,
"आणि मला त्याची लाज वाटते."
दिवा लाल झाला.
लाज कोणत्या रकान्यात घालायची
ते मला सापडलं नाही.

शेवटच्या रांगेत एक बाई. इस्पितळाचे जांभळे कपडे,
मांडीवर झोपलेलं पोर,
त्याचा एक बूट तिच्या हातात.
चिठ्ठीवर नाव पा न्हिया वांग, क्रमांक तेवीस.
बाजूने, विरुद्ध: दोन्ही चौकटी रिकाम्या.
ती सारखी घड्याळ बघत होती.
घड्याळ सगळेच बघतात.
अठरावा माणूस पार्किंगवर बोलत असताना खुर्ची वाजली.
दार तिने हळू ओढून घेतलं,
पोर जागं होऊ नये म्हणून,
किंवा आम्ही.

नऊ बावन्नला तेविसाचा पुकारा.
नियमाप्रमाणे तीनदा.
तिसऱ्यांदा माझा आवाज उगाच चढला.
अध्यक्ष म्हणाले, पुढे चला.

निर्णय एप्रिलपर्यंत तहकूब.
बिल्डरने नवे आराखडे आणावेत, टोलेफसननी नवा टॉर्च,
घोडं पुन्हा त्याच पेंडीपाशी.
टोलेफसन खोक्याची इमारत विसरून गेले.
मला ती कचऱ्यात टाकवेना.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बसथांबा,
फुटक्या काचेमागे वेळापत्रक.
शेवटची बस नऊ चाळीस.
एकोणीस वर्षं मी याच सिग्नलला थांबते.

सकाळी इतिवृत्त पक्कं केलं.
अशा ठिकाणी लिहितात: अनुपस्थित.
मी लिहिलं: उपस्थित होत्या, नऊ एकतीसपर्यंत.
शेवटची बस नऊ चाळीसला.
नियमात बसत नाही. कोणी वाचलं तर खोडेल.
आठवडा झाला, ओळ तशीच आहे.

इमारत माझ्या खिडकीत ठेवली आहे,
एका बाजूने जराशी दबलेली.
तिसऱ्या मजल्यावर, पेनाने, टोलेफसननी
एका खिडकीत पडदाही काढला आहे.
विरोधात बोलायला आलेला माणूस.