आडवाट

कोगनोळीच्या नाक्यावर अण्णा हलगेकर
एकोणतीस वर्षं पावत्या फाडत होते.
कुठला ट्रक कुठल्या पाणंदीनं नाका चुकवतो,
सगळं पाठ.

मग एकदा चपला फ्रीजमध्ये ठेवल्या.
दिवसा झोप, रात्री टॉर्च घेऊन फाटकात उभे,
आईलाच विचारायचे, "गाडी नंबर एष्टु?"
गल्ली म्हणाली, पीत असणार.
थेंबाला शिवले नव्हते कधी.

बेळगावात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात पुढे, पंजे ताठ.
पंजे फडफडले, धरलेल्या कबुतरासारखे.
पडद्यावर बोट ठेवून बाई सांगू लागल्या:
यकृत म्हणजे नाका समजा.
रक्तानं प्लीहेजवळून आडवाट काढलीय,
विष न तपासताच डोक्यात जातंय.
अण्णा मध्येच हसले,
"म्हंजे आप्पाचीवाडीकडनं."

मानेत एक टोचणी. शेवईएवढी नळी.
तिच्यातून केसाएवढ्या स्प्रिंगा
एकामागून एक आडवाटेत.
दीड तासात रस्ता बंद.

चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली,
माझ्याच नावानं.

निघताना बाई म्हणाल्या,
"नाका जुना आहे. आता सगळा भार त्याच्यावर."
"मग रातपाळीला माणूस वाढवा,"
अण्णा गंभीरपणे म्हणाले.
आईनं औषधाची बाटली
पदराखाली घट्ट धरली होती.