पदर सुटताना

युरिया. तोच, गोणीतला, पांढरा.
झाकणाच्या मुशीत भरून साडेपाचशे अंशांवर
चार तास ठेवायचा.
भट्टी उघडली की नाकात अमोनियाची सणक
आणि तळाशी पिवळी पूड, बेसनाहून फिकी.
दहा ग्रॅम घातले होते,
पदरात पडला अर्धा.

"एवढंच?" गारसाइड विचारतो.
तो आमच्याकडे काच फुंकतो, मार्चात निवृत्त होईल.
त्याचा आजा इथेच, हडर्सफील्डच्या गिरणीत रंगारी;
पोरं पुलावरून कोल्न नदीत वाकून सांगायची
आज कुठला रंग लागलाय.
मी म्हटलं, आमच्याकडेही.
इचलकरंजीत घरामागच्या ओढ्याला
सोमवारी किरमिजी, गुरुवारी काळा,
आणि बाबांचे हात कोपरापर्यंत निळे, बाराही महिने.
आई त्यांची भाकरी स्वतः मोडून द्यायची.
का, ते मला फार उशिरा कळलं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही पूड म्हणजे
नुसते पदर. पदरावर पदर,
एकमेकांना असे चिकटलेले की उजेड
वरच्यालाच भेटून परत जातो.
घाईत लाटलेली घडीची पोळी:
वरून डाग, आत कच्ची.

सूर्यावर चालणारं काही करायचं म्हणून
मी अशा गावी आले
जिथे डिसेंबरात चारला दिवे लागतात.
आमचा सूर्य तीनशे वॅटचा, पंख्याने गार ठेवलेला.

त्याच्याखाली निळ्या रंगाचं चंचुपात्र ठेवलं.
चाळीस मिनिटांत पाणी नितळ.
मी ओरडले. गारसाइड हातातली नळी घेऊनच धावत आला.
मग आठवलं, कपाटात दुसरं आहे,
चांदीच्या कागदात गुंडाळलेलं, अंधारातलं.
उघडलं.
तेही नितळ.
तळाशी पूड निळीशार.

रंग मेला नव्हता.
पदराआड लपला होता.

गारसाइड काही बोलला नाही.
चहा आणला, दूध जास्त घालून, नेहमीसारखा.

नंतरचे तीन आठवडे
पूड पाण्यात घालून ध्वनीच्या टाकीत सोडत राहिले.
कानाला बारीक, डासासारखी किणकिण,
सहा तास, कधी आठ.
घरी गेल्यावरही उशीत ऐकू यायची.
हळूहळू पाणी दुधाळ झालं, तळाशी काही बसेना.
पदर सुटले होते.

या वेळी अंधारातलं निळं जवळपास निळंच राहिलं.
दिव्याखालचं उतरत गेलं,
दर दहा मिनिटांनी थोडं, कंटाळा येईल इतकं सावकाश,
आणि पूड गाळून बघितली तर पिवळीच.
मी ओरडले नाही.
वहीत वेळ लिहिली.

रविवारी फोनवर बाबांना दाखवलं.
"रंग गेला कुठं?"
"तुटला. थोडा हवा झाला, थोडं मीठ."
ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.
"आणि आपल्या ओढ्याला किती लागंल गं ही पूड?"

कडेच्या समासात गणित मांडलं.
उत्तर टनांत आलं, ते त्यांना सांगितलं नाही.
"एवढ्यानं उजेडात पाण्यातून हायड्रोजनही सुटेल म्हणतात," एवढंच बोलले,
आणि ते म्हणाले, "आधी ओढा बघ."

सोमवारी भट्टी लावली.
वीस ग्रॅम.