खळ

इतवारीच्या कागदगल्लीत
मी ताव आधी कानाशी नेते.
कोपरा धरून हलवला की चांगला कागद
ओल्या पापडासारखा गप्प नसतो,
भाजलेल्यासारखा बोलतही नाही,
मधलं काहीतरी.
दुकानातले शालिकराव हेडाऊ हसतात,
"बाई, कागद घेऊन राहिल्या का खरबूज?"

मग पर्समधून लिंबाची फोड.
एक थेंब, कोपऱ्यावर.
फसफसला तर आत खडू आहे,
कागद शंभर वर्षं टिकावा म्हणून
कुण्या भल्या माणसानं घातलेला.
तोच खडू माझा निळा रंग खातो.
टिकणं म्हणजे कुणाचं टिकणं,
हा प्रश्न लिंबाला पडत नाही. तो फसफसतो.

जर्मन कागद, ताव चारशे ऐंशीचा,
फसफसला.
लग्नपत्रिकेचा, सोनेरी कण असलेला,
दहाव्या मिनिटाला बादलीत लापशी.
ड्रॉइंगच्या वहीचा सुंदर उमटला,
पण मी तो बोअरच्या पाण्यात धुतला
आणि सकाळी तारेवर
जुन्या बनियनचा रंग लटकत होता.
तेव्हापासून पहिल्या पाण्यात चमचाभर लिंबूसत्व.
हे सगळं मी वहीत लिहिते, तारखेसह,
बँकेत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई
दुसरं काय करणार.

बारा ताव होते वरच्या फळीवर,
सुतळीत, धुळीत.
होजियरीच्या कातरणीचा हातकागद,
कडा कुरतडल्यासारख्या.
लिंबू गप्प राहिलं.
पण पाणी पडताच टिपकागदासारखा प्यायला.
"आरारोट लावावा लागेल," मी म्हटलं,
"पातळ शिजवून, दोन हात."
शालिकरावांनी पहिल्यांदा मान वर केली.
"म्हंजे खळ.
ताण्याले लावते तशी."
आणि गिऱ्हाईक थांबवून
मला हवेत कुंचा मारून दाखवला,
आधी उभा, मग आडवा,
मनगट सैल.
घरी माग होता, मग मिलमध्ये कताईखातं,
मिल गेली, मग हा काउंटर.
एवढंच बोलले.

पुढच्या खेपेला गल्ल्याखालून
मेडिकलचं पिवळं पाकीट काढलं.
"तुमाले निगेटिव्ह लागते ना?
हा माह्या छातीचा हाय.
छपते का पाह्यजा."

मे महिना. रात्री न्हाणीघरात
पिवळ्या दिव्याखाली दोन मिठं कालवली,
लेप दिला.
कोरड्या हवेत ताव आखडतो,
म्हणून तो कूलरसमोर झोपवला,
स्वतः उकडत बसले.
सकाळी अकरा वीस. त्रिमूर्तीनगरची गच्ची.
टाकीजवळ काच, काचेखाली एक्स-रे,
त्याखाली ताव.
चार मिनिटं. चप्पल घालून
एका पायावरून दुसऱ्या पायावर.

पाण्यात हिरवं सुटलं
आणि बरगड्या आल्या, निळ्या,
एकेक, जिन्यासारख्या.
हृदय एका बाजूला कललेलं.
फुप्फुसांच्या जागी मात्र काही नाही.
तिथं ऊन पोचलंच नव्हतं,
तिथं नुसता कागद होता,
कापूस, पांढरा, तसाच.
फक्त डाव्या तळाशी
फिकट निळं धुकं,
जे मी धुण्याची चूक समजून
तिसऱ्यांदा धुतलं.
गेलं नाही.

गुरुवारी नेऊन दिला.
शालिकरावांनी आधी उलटा करून
पाठ पाहिली.
कडेवरून अंगठा फिरवला.
छातीकडे बघितलं, पण
हिशेबाच्या चिठ्ठीकडे बघावं तितकंच.
मग कोपरा धरला, कानाशी नेला
आणि हलवला.

बाहेर हातगाडीवाला
वाट द्या, वाट द्या करत होता.
मी लिंबाची फोड उगाच
मुठीत धरून उभी.

काय ऐकलं ते बोलले नाहीत.
"खळ थोडी जास्त झाली," म्हणाले,
"पुढच्या टायमाले पातळ करजा."
आणि उरलेले अकरा ताव
माझ्याकडे सरकवले,
पूर्ण भावानं.