विषय क्रमांक सात

ऐरोली, सेक्टर आठ. गच्चीवर मांडव,
वार्षिक सभेला भाड्याच्या ऐंशी खुर्च्या
आणि कोरम भरावा म्हणून बटाटेवडे.
एकवीस वर्षं मी वर्गात सांगत आले
की समाज म्हणजे काय, यावर एकमत नाही.
इथं होतं.
समाज म्हणजे सोसायटी,
सोसायटी म्हणजे मेंटेनन्स वेळेवर भरणारे.

विषय क्रमांक सात :
घरकामाच्या बायका, कुरिअरवाले, कचरा नेणारे
यांनी यापुढे फक्त मागची लिफ्ट वापरावी.

सेक्रेटरी घैसास उभे राहिले. सज्जन माणूस.
आईच्या वेळी रात्री दोनला
त्यांनीच गाडी काढली होती.
म्हणाले, यात कुणाला कमी लेखायचं नाही,
शरीरात नाही का, ज्याचं त्याचं काम ठरलेलं?
मी चमकले. हे तर माझं पहिल्या सत्राचं
दुसरं प्रकरण,
पुस्तक न उघडता तोंडपाठ.
हात तो हात, पोट ते पोट.
पोट व्हायचं असेल
तर अर्ज कुठं करायचा,
हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

खाली गेटवर मढवी.
बी विंग आहे तिथं त्याच्या आजोबांचं भात पिकायचं,
असं तो सांगतो,
कुणी जुना बसस्टॉप दाखवावा इतक्या सहज.
साडेबारा टक्क्यांची फाईल चुलत्यानं परस्पर विकली.
संघर्ष शिकवताना मी फळ्यावर दोन बाण काढते,
समोरासमोर, टोकाला टोक.
मढवी मला रोज गेट उघडून देतो,
पिशवी जड असली तर लिफ्टपर्यंत आणतो.
बाण कुठून कुठं काढू?

मग मोजणी.
मी हात वर केला. मला बोलायचं होतं, देवाशप्पथ,
वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.
घैसास पेन्सिलीनं हवेत टिंबं देत आले :
एक्केचाळीस, बेचाळीस, आणि मॅडम त्रेचाळीस.
वा, मॅडमपण, असं मागून कुणीतरी म्हणालं
आणि लोक हसले, चांगलं हसले, आपल्या माणसाला हसतात तसं.
हात खाली घ्यायला
फार तर दोन सेकंद लागले असते.

याला शब्द आहेत. भूमिका, मान्यता, समूहाचा दाब.
दहा-दहा गुणांना विचारलेत मी ते,
उदाहरणासहित लिहा म्हणून.
लोक काय म्हणतील, हा पुस्तकात नाही,
पण सगळ्यांत जुना सिद्धांत तोच
आणि अजून कुणी खोडलेला नाही.
इतिवृत्तात आलं : ठराव एकमतानं मंजूर.

सोमवारी शेवंता आली, साडेसातला, दिघ्याहून.
मला वाटलं, आता बोलेल.
मी तयारीत होते,
माझ्याकडे संरचना होती, व्यवस्था होती,
व्यक्तीचा दोष नसतो हे पटवण्याची सगळी साधनं होती.
तिनं भांडी विसळली, ओटा पुसला, दूध तापत ठेवलं.
मग म्हणाली,
ताई, मागच्या लिफ्टीत आरसाच नाय वो.

पुढच्या लिफ्टीत ती टिकली नीट लावायची,
घाम टिपायची, पदर खोचायची,
सहाव्या मजल्यापर्यंत माणसात यायची.
घरी आहे की आरसा,
पण सकाळी त्याच्यापुढं पाच जणांची रांग.

माझं पाचवं प्रकरण आरशावर आहे.
दुसऱ्याच्या नजरेत आपण आपल्याला बघतो
आणि तिथं दिसेल तसा
आपला चेहरा बेतत जातो :
दरवर्षी खडूनं लंबगोल काढते मी,
आत एक चेहरा, समोर डोळे.

शेवंता माझ्याकडे बघत होती.
टिकली जराशी डावीकडे सरकलेली.

मी दुधाकडे बघितलं.
ते उतू जात नव्हतं.

तिनंच मग हात पुढं करून
गॅस बारीक केला.