ध्यान ठेवा

येडशीच्या मागे, बालाघाटाच्या दुसऱ्या टप्प्यावर
फोनमधली निळी रेघ संपली,
पायवाट मात्र चालूच राहिली.
मोज्यांत कुसळं, बाटलीत दोन घोट.
विद्याधर म्हणाला, वर एक खोप आहे,
फोटो छान येतो.

फोटोत छप्पर येतं.
धुराने आतून काळं झालेलं गवत येत नाही.
ओणवं झाल्याशिवाय ती आत घेत नाही,
हेही येत नाही.
मातीचुन्याशिवाय रचलेला दगड,
आणि फटींतून डोंगराचा वारा
घरच्यासारखा, न विचारता.

आधी कुत्रं भुंकलं, मग म्हाळसाबाई आली
पदराला हात पुसत.
नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,
डेऱ्यात तांब्या बुडवून पुढे केला.
पाणी पोटात उतरेपर्यंत थांबली,
मग म्हणाली,
'शेळी हरवली का तुमची?'
नाही.
'नवस हाय का काही?'
नाही.
'मग चढलाव कामून?'

विद्याधरकडे उत्तर होतं :
उंची, अंतर, मोकळी हवा, रक्तातली साखर.
तिने मान हलवत सगळं ऐकून घेतलं,
जसं तापातल्या माणसाचं ऐकतात.

चुलीच्या तीन दगडांतला एक फुटका,
त्याच्या पोटात गारगोटी.
जाळ हलला की खडान् खडा चमकायचा.
मी बघत बसले.
'त्यो तसलाच हाय,' ती म्हणाली,
'भाकरीला काही फरक पडत न्हाई.'

तेवढ्यात कपारीकडून करडू ओरडलं.
तिने काठी घेतली, पोराचे रबरी बूट घातले,
'खोपीवर ध्यान ठेवा,'
आणि गेली.
विद्याधर कड्यावर गेला, उजेड जायच्या आत.

मी एकटी.
एक घोंगडी, मिठाचा डबा, पत्र्याची पेटी, तिला कुलूप नाही.
सवयीने दाराची कडी शोधली.
दार नव्हतं, नुसता तुरकाट्यांचा तट्टा,
तोही बाजूला टेकवलेला.
काय राखायचं, ते कळेना.
बारा वर्षं बँकेत किल्ल्या सांभाळतेय मी.

मग खांद्याला थंड पेटी लावलेला एक माणूस आला,
शेळ्यांना लस टोचणारा.
'म्हाळसामावशी?'
करडामागे गेल्यात.
माझा हात आपसूक डेऱ्यात गेला.
तो प्यायला. मी थांबले,
पाणी पोटात उतरेपर्यंत.
नाव विचारायचं राहिलंच.

तांब्या ठेवताना त्याला खालची नोट दिसली,
शंभराची, मीच सरकवलेली.
'उचला ती, ताई.
कुणी तरी विसरलं म्हणून
गुडघे धरत वाडीत उतरंल मावशी,
घरोघर इचारत फिरंल.'
उद्या येतो म्हणून सांगा, म्हणाला, आणि उतारावर दिसेनासा झाला.
नोट उचलली. तिच्यावर तांब्याचं ओलं कडं.

ती आली तेव्हा करडू मानेवर होतं.
आत आली ती सरळ डेऱ्यापाशी,
वाकून बघितलं, किती उरलंय.
'कुणी आलतं?'
लसवाले.
'पाणी दिलं?'
दिलं.
'मग ठीक.'

मांडीवर घेऊन ती करडाच्या कानांतली
कुसळं वेचायला लागली.
मीही बूट काढले, शेजारी बसले,
आणि माझ्या मोज्यांतली.