ऊब देऊ नकोस

ऑक्टोबरपासून तीन सेन्सर बदलले.
तिन्ही चांगले होते.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि प्रत्येक फाशीचं बिल उलानबातरला.

लुवसानदोर्जचं म्हणणं एकच:
सकाळी बूम उठत नाही.
म्हणजे उठते, पण म्हातारा उंट उठतो तशी,
आधी मागचं, मग विचार, मग पुढचं.
पडद्यावर पिवळा त्रिकोण.
पंपाचा दाब: शून्य.
"पंप कण्हतोय, मला ऐकू येतं," तो म्हणतो,
"मेलेला माणूस कण्हतो का?"

दुपारी सगळं सुरळीत.
मॅनेजर दुपारी येतो.

म्हणून मंगळवारी मी अंधारातच निघाले,
ऐंशी किलोमीटर, गोठलेल्या चाकोरीतून,
उणे चौतीस.
पोचले तर यानं मशीन
माझ्यासाठी गरम करून ठेवलेलं.
पंपाच्या दाराशी हीटर, वरून लोकरीचा नमदा,
पाहुणी येणार म्हणून चूल पेटवून ठेवावी तसं.
त्रिकोण गायब. दाब अगदी बरोबर.
दवाखान्याच्या पायरीवर दुखणं थांबलेल्या माणसासारखा
तो टोपी हातात घेऊन उभा.

उद्या, मी म्हटलं.
इंजिनला हवं तेवढं दे.
पंपाच्या बाजूला मात्र
ऊब देऊ नकोस.

रात्र कंटेनरमध्ये गेली. मिठाचा चहा,
त्याच्या मुलीचा गणिताचा पेपर, कोळशाची धूळ.
दोनदा उठून तो खिडकीतून मशीनकडे बघून आला.
आजारी जनावर बाहेर बांधून ठेवल्यासारखा
त्याला काही डोळा लागला नाही.

पहाटे दार सताड उघडं.
चाचणीच्या नळीवर मी काट्याचा जुना गेज बसवला.
त्याला वायर नाही, मेंदू नाही,
खोटं बोलायचं कुठून?
लुवसानदोर्जनं बकेट शेवटपर्यंत ओढून धरली,
काटा थरथरत तीनशे तीसवर.
पडदा म्हणतो, शून्य.

मग मीटर. हातमोजे काढून, दातात धरून.
सेन्सरला पाच व्होल्ट मिळतात.
अर्थिंग ठीक.
सेन्सरच्या तोंडाशी तीन पूर्णांक एक,
म्हणजे तीनशे तीसला जेवढं बोलायचं तेवढंच.
कंट्रोलरच्या कानाशी
काही नाही.

तो सांगत होता.
चौथाही सांगत होता. पहिला, दुसरा, तिसरा,
सगळे हेच सांगत होते,
आणि मध्ये अडीच मीटर वायर.

ती मी बोटांनी चाचपत गेले,
मण्यांची माळ ओढावी तशी, वीत वीत.
बूमच्या मुळाशी आवरण सैल.
आत घरटं.
उंटाचे केस, बियांची टरफलं, निळ्या फडक्याचा दोरा,
आणि त्याच नमद्याची एक चिंधी.
उंदीर कधीच निघून गेलेला.
वायरीवर दोन दातांची खूण,
आत तांबं हिरवं पडलेलं.
थंडीत केसभर आखडतं, तुटतं.
ऊब लागली की पुन्हा टेकतं,
जणू कधी भांडण झालंच नव्हतं.

मी चिंधी वर धरली.
लुवसानदोर्जनं ती ओळखली.
थंडीच्या पहिल्या आठवड्यात
मशीनला पांघरूण घालणारा तोच ना.
काही बोलला नाही.
घरटं तळहातावर घेतलं, फेकलं नाही,
जेवणाच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं.

मी नवी वायर जोडली,
कडेपासून चार बोटं लांब ठेवून बांधली.
फॉर्मवर कारणांची यादी आहे: झीज, ओल, कंपन, चालकाची चूक.
शेवटच्या रकान्यावर पेन थोडं थांबलं.
मग मी "इतर" वर खूण केली.

ऑफिसच्या फळीवर लाल चिठ्ठ्या लावलेले तिघे पडून होते.
त्यातला पहिला खिशात टाकला.
परतीच्या वाटेवर एक हात स्टिअरिंगवर,
दुसऱ्या मुठीत तो,
बर्फासारखा, मग नुसता गार,
मग ऐंशीपैकी साठेक किलोमीटर गेल्यावर
माझ्या हाताएवढाच.